घोडा धरणाऱ्याचे पैसे दसऱ्याआधी ठरवा

पुणे-मुंबई परिसरात ज्यांचा घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात महिन्याच्या बोलीवर उभा आहे अशा सगळ्यांना, तबेले चालवणाऱ्यांना, नालबंदांना आणि घोड्यांच्या डॉक्टरांना ही कळकळीची विनंती आहे. मालकाने स्वतःच्या सोयीने नालबंद किंवा डॉक्टर बोलावला, तर तेवढा वेळ घोडा धरून उभ्या राहणाऱ्या माणसाला त्याचे वेगळे पैसे मिळाले पाहिजेत. किती, ते आधी ठरलेलं हवं, आणि ते पैसे त्याच माणसाच्या हातात पडायला हवेत. हे दसऱ्याच्या आत करू या. दिवाळी झाल्यावर बोलू म्हणाल तर ज्या आठवड्यांसाठी हे सगळं करायचं तेच निघून गेलेले असतील. का, ते पुढे सांगते.

आधी वाद काय आहे तो. काही तबेल्यांच्या बिलात ‘हँडलिंग’ अशी एक नवी ओळ दिसू लागली आहे आणि मालक चिडले आहेत. महिन्याला एवढे पैसे मोजतो त्यात चारा, दाणा, खरारा, लीद काढणं, मोतद्दार हे सगळं आलं, मग घोडा धरायचे निराळे पैसे कसले, असं त्यांचं म्हणणं. तबेलेवाले म्हणतात, डॉक्टर तुमचा, वेळ तुमची, तो येणार दुपारी एकला, आमचा माणूस तास-दीड तास अडकणार, तो वेळ आम्ही कुठून आणायचा? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण या ओढाताणीत काही ठिकाणी तिसरीच वाट निघते आहे, आणि मला भीती तिची वाटते. घोडा भिंतीतल्या कडीला बांधायचा, मोतद्दाराने आपल्या कामाला जायचं, आणि नालबंदाला सांगायचं, ‘तुमचं तुम्ही उरकून घ्या.’

हे थांबवा. या पत्रातलं बाकी काही पटलं नाही तरी एवढं नक्की करा.

शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड साडेचारशे-पाचशे किलोचा असतो. आपल्या रायडिंग क्लबांतून असे घोडे पुष्कळ आहेत. संकट आलं की पळायचं, एवढं एक शहाणपण निसर्गाने त्या जनावराला दिलेलं आहे. डोकं अडकलंय असं त्याला कळलं की तो मागे ओढतो, ओढून सुटला नाही की आणखी जोरात ओढतो, आणि शेवटी मोरकी तुटते, कडी उपटते किंवा घोडा आडवा पडतो. त्या वेळी नालबंद कुठे असतो? घोड्याचा पाय दोन गुडघ्यांत धरून, कंबरेत वाकून, पाठ घोड्याकडे करून. त्याला काही दिसत नसतं. खुरात ठोकलेल्या खिळ्याचं टोक खुराच्या भिंतीतून बाहेर येतं आणि ते पिळून तोडेपर्यंत दोन-चार सेकंद तसंच उघडं असतं. नेमका तेव्हा घोड्याने पाय हिसडला तर ते टोक मांडीतून जातं. चामड्याचा ॲप्रन असतो, पण तो हातोडीच्या चुकल्या घावासाठी आणि कानशीच्या घासणीसाठी. पाचशे किलोच्या हिसड्यापुढे चामडं काय करणार?

दोर धरून उभा असलेला माणूस या सगळ्यात काय करतो, हे ज्यांनी कधी नीट पाहिलं नाही तेच ‘नुसतं धरायचं तर आहे’ असं म्हणतात. तो घोड्याच्या अगदी समोर उभा राहत नाही. घोड्याला नाकापुढचं दिसत नाही आणि पुढचा पाय उचलून मारला तर तो थेट छातीवर बसतो. ज्या बाजूला नालबंद त्याच बाजूला तो खांद्याजवळ थांबतो. घोडा बिथरला तर डोकं आपल्याकडे ओढायचं, म्हणजे पुट्ठा पलीकडे जातो आणि खालचा माणूस वाचतो. उलट बाजूला उभं राहून तेच डोकं ओढलं, तर पुट्ठा नालबंदाच्या अंगावर येतो. एवढ्याशा गोष्टीवर बरगड्या शाबूत राहणं अवलंबून असतं. तो दोर हाताला गुंडाळत नाही. घोड्याचा कान मागे गेला, शेपूट आवळली, वजन एका पायावरून दुसऱ्यावर सरकलं, की तो ‘सोडा!’ म्हणतो, आणि नालबंद न बघता पाय सोडून बाजूला होतो. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या घोड्याला तीन पायांवर किती वेळ उभं करायचं, मधे पाय कधी टेकू द्यायचा, हेही बहुतेक वेळा तोच सांगतो. रोजचा खरारा त्याचाच असल्याने कुठला सांधा दुखरा आहे ते त्याला मालकाच्या आधी माहीत असतं.

डॉक्टरांच्या वेळी तर हे आणखी नाजूक. मानेतल्या शिरेत इंजेक्शन देताना घोड्याने डोकं झटकलं आणि सुई शेजारच्या धमनीत गेली तर औषध थेट मेंदूकडे जातं आणि घोडा जागच्या जागी कोसळू शकतो, झटके येऊ शकतात. लंगडेपणा तपासायला घोडा दुडक्या चालीने पळवायचा असतो. धरणाऱ्याने दोर आखडून धरला तर घोड्याचं डोकं वरखाली होत नाही, आणि डॉक्टरांना जे पाहायचं असतं तेच झाकलं जातं. दोर सैल सोडून, घोड्याकडे न बघता, सरळ रेषेत त्याच्याबरोबर धावणं शिकावं लागतं. मी कितीतरी मालकांना हे करताना पाहिलं आहे. बहुतेक जण मागे वळून घोड्याकडे बघत पळतात आणि घोडा थांबतो. दात घासायला गुंगीचं औषध दिलं की लोकांना वाटतं आता काय, घोडा झोपला. गुंगीतला घोडाही लाथ मारतो, फक्त आधी इशारा देत नाही. आणि डॉक्टर निघून गेल्यावरही काम संपत नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत चारा तोंडाशी येऊ द्यायचा नाही, नाहीतर घास अन्ननलिकेत अडकतो. तेवढा वेळ कुणीतरी तिथे थांबायचं असतं. ते ‘कुणीतरी’ नेहमी एकच असतं.

एका मोतद्दाराकडे समजा चार घोडे आहेत. एक घोडा दीड तास डॉक्टरांकडे धरून ठेवला, तर त्या दीड तासात बाकीच्या तिघांचं पाणी, लीद, दुपारचा दाणा मागे पडतो. किंवा मोतद्दाराची विश्रांती जाते. पहाटे पाचला उठलेला माणूस बारा ते तीनच्या दरम्यान जरा आडवा होतो, आणि आपल्या ‘अपॉइंटमेंट’ बरोबर त्याच वेळेत बसतात, कारण आपल्याला ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत यायचं असतं. म्हणजे घोडा धरणं आजही फुकट होत नाहीच. त्याची किंमत शेजारच्या तीन घोड्यांकडून आणि त्या माणसाच्या झोपेतून वसूल होते. बिलात ती लिहिली जात नाही, एवढंच.

आकडा मांडून पाहू. महिन्याचा पगार १८,००० रुपये धरला, तर २६ दिवस आणि रोजचे आठ तास या हिशेबाने तासाला साडेशहाऐंशी रुपये होतात. दीड तासाचे साधारण १३०. सुट्टीच्या वेळेत बोलावलं तर दुप्पट, म्हणजे २६०. माझा प्रस्ताव असा: मालकाने बोलावलेल्या नालबंदीला १५० रुपये, डॉक्टरांच्या साध्या भेटीला २००, गुंगी देऊन केलेल्या कामाला ३५०, आणि विश्रांतीच्या वेळेत किंवा सुट्टीच्या दिवशी दुप्पट. नाल दर ६ ते ८ आठवड्यांनी बदलायची असते. नालबंद माझाच, डॉक्टरही माझाच, असा हट्ट धरणाऱ्या मालकाला वर्षाला आठ नालबंद्या, चार भेटी आणि एकदा दात धरले, आणि सगळं कामाच्या वेळेत केलं, तर २,३५० रुपये पडतील. एखादं सॅडल पॅड आपण नुसता रंग आवडला म्हणून एवढ्याला घेतो.

मात्र तबेल्याने स्वतः ठरवलेल्या दिवशी, सकाळच्या कामाच्या वेळेत, नालबंद ओळीने दहा घोडे करणार असेल, तर एक पैसा जास्त घेऊ नये. ते महिन्याच्या पैशांत बसलंच पाहिजे. त्या दिवशी एक माणूस जादा ठेवणं हे तबेलेवाल्यांचं काम आहे. सोयीचे दिवस जाहीर करून बघा; निम्मे मालक आपणहून त्या दिवशी येतील आणि वादच उरणार नाही.

आणि आणीबाणीला दर नाही. घोड्याला उलटी होत नाही. पोट फुगलं, कळ आली की त्याच्याकडे सुटकेची दुसरी वाट नसते आणि तास महत्त्वाचे असतात. रात्री दोनला डॉक्टर बोलवायचा की सकाळपर्यंत थांबायचं या विचारात धरण्याच्या पैशांचा हिशेब कुणाच्याही मनात येता कामा नये. तिथे माणसाला नंतर काय द्यायचं ते मालकाने आपल्या अकलेने द्यावं, आणि भरपूर द्यावं.

एका गोष्टीवर मी ठाम आहे, आणि तबेलेवाले मित्र त्यावर रागावतील. हा पैसा तबेल्याचा नाही. बिलात ओळ घालून तो गल्ल्यात जमा होणार असेल, तर ज्या मालकांनी तो द्यायला नकार दिला त्यांच्या बाजूने मी उभी आहे. धरणाऱ्याचं नाव वहीत लिहा, पैसे त्याच दिवशी त्याच्या फोनवर पाठवा किंवा महिन्याच्या पगारात वेगळे दाखवा. तबेल्याला वरचा खर्च भागवायचा असेल तर महिन्याचा दर उघडपणे वाढवा.

काही मोतद्दारांनाही हे नको आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आज चहापाण्याच्या नावाखाली एखादा मालक खुशीत येऊन पाचशेची नोट काढतो. दीडशेचा दर लागला तर तीही जाईल, असं त्यांना वाटतं. भीती खोटी नाही. पण ती नोट सगळ्यांना मिळत नाही, आणि मिळते तेव्हा तिच्यामुळे मोठ्या गाडीतून येणाऱ्याच्या घोड्याला चांगला हात मिळतो आणि कॉलेजच्या मुलीने पैसे साठवून घेतलेल्या घोडीला कालपरवा कामावर आलेला पोरगा. शिवाय दर ठरल्याने बक्षीस बंद होत नाही. ज्याला द्यायचं त्याने खुशाल द्यावं.

शिवकालीन पागेची व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत लिहून ठेवली आहे, तीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद सांगितला आहे. घोड्याला पाणी कोण देणार आणि पाय कोण बघणार, हे लढाईला निघण्याआधी खर्चात धरलेलं होतं. आपल्या आजच्या बोर्डिंगच्या करारांत हिरवा चारा किती किलो ते असतं, मालकाला गाडी कुठे लावायची तेही असतं, पण घोडा कुणी धरायचा यावर एक ओळ नसते. इंग्लंडात तबेल्यांचे प्रकारच पाडलेले आहेत. कुठे सगळं मालकाने करायचं, कुठे निम्मं तबेल्याने, कुठे सगळं तबेल्याने, आणि पैसे त्याप्रमाणे. तिथेही भांडणं होतात, पण निदान कागद समोर ठेवून होतात. माथेरानला हा प्रश्नच येत नाही, कारण तिथला अश्वपाल आपला घोडा आपणच धरतो. आपण घोडा पाळला आणि तो धरणारा माणूस दुसऱ्याकडून घेतला, तिथून ही भानगड सुरू झाली.

‘मग मी स्वतः धरीन’ म्हणणाऱ्या मालकांचा हक्क राहिलाच पाहिजे, आणि त्यांना एक रुपयाही लागू नये. फक्त खरंच धरता येत असेल तर धरा. तबेल्याच्या मॅनेजरने एकदा बघून होकार द्यावा. एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात फोन धरून नालबंदीचा व्हिडिओ काढणारे मालक मी पाहिले आहेत. त्या वेळी नालबंदाच्या चेहऱ्यावर जे असतं त्याचा व्हिडिओ कुणीतरी काढायला हवा. आणि रायडिंग शिकायला आलेल्या मुलांच्या हातात, शिकायला मिळेल म्हणून, डॉक्टरांच्या वेळी दोर देऊ नका. मुलांनी बाजूला उभं राहून बघावं. घोडा तोंड घालतो, उभा राहत नाही, मागचा पाय देत नाही, अशी तक्रार असेल तर जास्त दर लावून ती सुटणार नाही. रोज पाय उचलून ठेवायची सवय लावणं हे मालकाचं आणि ट्रेनरचं काम आहे. ते न करता मोतद्दाराला पन्नास रुपये जास्त देणं म्हणजे त्याला मार खायचे पैसे देणं झालं.

आता घाई कशासाठी ते. पावसाळाभर चिखलात आणि ओल्या गवतात उभे राहून खूर मऊ पडलेले आहेत. ऑक्टोबरचं ऊन लागलं, जमीन कडक झाली की नाला निघायला लागतात, खुराच्या कडा तुटतात, तळाशी सडल्याचा वास येतो, आणि सगळ्यांना नालबंद एकाच आठवड्यात हवा असतो. चांगले नालबंद मुळात मोजके. त्यातच हिवाळ्यातल्या स्पर्धा, मार्गशीर्षात सारंगखेड्याची जत्रा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या घोड्यांच्या ग्लँडर्सच्या तपासणीसाठी रक्ताचे नमुने, धनुर्वाताच्या लसी, दात, सगळं दिवाळीच्या पुढेमागे येतं. आणि नेमके त्याच दिवसांत उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानचे मोतद्दार दिवाळी-छठला गावी जातात. म्हणजे वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात कमी हात एकाच वेळी. कडीला बांधून उरकायचा मोह याच दिवसांत होणार.

लागलेलं माणूस कुणाच्या भरवशावर आहे, हेही बघा. कर्मचारी राज्य विम्याला साधारणपणे दहा माणसं कामावर असावी लागतात. आपल्या लहान तबेल्यांत तेवढी नसतात. नालबंद तर कुणाच्याच नोकरीत नसतो, त्याची कंबर आणि मनगट हीच त्याची पुंजी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून १८ ते ७० वयाच्या माणसाला अपघाती मृत्यू किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचं संरक्षण मिळतं. मोडलेल्या बोटासाठी त्यातून काही मिळणार नाही, म्हणून त्यावर समाधान मानू नका. गट अपघात विमा काढायचा की नाही हे तबेल्यातल्या सगळ्या मालकांनी बसून ठरवा. पण वीस रुपयांचं तरी या आठवड्यात करून टाका. बँकेत जाऊन एक अर्ज भरायचा आहे. आपल्या मोतद्दाराला वेळ नसेल तर तुम्ही घेऊन जा, तुमची गाडी आहे.

डॉक्टरांना आणि नालबंदांना वेगळं सांगायचं आहे. तुमचा शब्द मालकाच्या आणि तबेल्याच्या दोघांच्याही वर चालतो. वेळ देताना फोनवरच विचारा, घोडा कोण धरणार? नाव सांगता आलं नाही तर वेळ देऊ नका. पोचल्यावर घोडा कडीला बांधलेला दिसला तर पेटी गाडीतून काढू नका. एकदा परत गेलात की पुढच्या वेळी माणूस हजर असेल.

तबेलेवाल्यांनी दसऱ्याच्या आदल्या रविवारी मालकांना बोलवावं. दसऱ्याला घोड्यांना अंघोळ घालायला, झेंडूच्या माळा घालायला आपण सगळे येतोच, तेव्हा हे बोलणं नको. फोटोंच्या गडबडीत कुणी ऐकत नाही. रविवारी सकाळी काम आटोपल्यावर अर्धा तास पुरे. दर, तबेल्याचे ठरलेले नालबंदीचे दिवस, धरायला कोणकोण तयार आहेत त्यांची नावं आणि दिवाळीत त्यांच्यापैकी कोण इथे असणार, हे एका कागदावर मराठीत आणि हिंदीत लिहून दाण्याच्या खोलीच्या दारावर लावा. मोतद्दारांना त्या बैठकीत खुर्ची द्या आणि दर काय असावा ते आधी त्यांना विचारा. माझे आकडे त्यांना कमी वाटले तर वाढवा. ज्या मालकांना रविवारी जमणार नाही त्यांनी आपलं मत शनिवारपर्यंत मॅनेजरला कळवावं, आणि दिवाळीच्या आसपास ज्यांनी नालबंदाची वेळ घेऊन ठेवली आहे त्यांनी आजच फोन करून धरणारा माणूस पक्का करावा.